गच्चीवरचा ३ किलोवॅटचा सोलर संच, दांडिया बाजार, वडोदरा: माल चोख, ऊर्जेचा हिशेब कच्चा

५ पैकी ३.५.

पॅनल आणि इन्व्हर्टर उत्तम. विक्रेता सोबत जे 'निव्वळ ऊर्जा' पत्रक देतो (संच बनवायला गुंतलेल्या ऊर्जेच्या किती पट ऊर्जा तो आयुष्यभरात देतो, याचा हिशेब), ते मात्र तपासूनच घ्या.

वडोदऱ्याच्या उन्हात रोज सरासरी १२ युनिट धरा, म्हणजे वर्षाला सुमारे ४,४००. दरवर्षी अर्धा टक्का घट धरूनही २५ वर्षांत लाखभर युनिट होतात. आता खर्चाची बाजू: सिलिकॉन शुद्ध करून स्फटिक वाढवणं सर्वांत जास्त ऊर्जा खातं, मग काच आणि ॲल्युमिनियमची चौकट. हे सारं दीड-दोन वर्षांच्या उत्पादनात फिटतं असं धरलं, तर मिळालेल्या आणि गुंतलेल्या ऊर्जेचं गुणोत्तर १२ ते १६ येतं. पत्रकातला आकडा फुगलाय, कारण लोखंडी सांगाडा, तांब्याच्या तारा आणि १०-१२ वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर त्यात धरलेलाच नाही. शिवाय उष्णता आणि वीज एकाच मापाने मोजलीय! औष्णिक केंद्रात साधारण ३ युनिट उष्णतेतून १ युनिट वीज निघते. ही गफलत झाली की गुणोत्तर तिपटीने चुकतं.

नेट मीटर फक्त वीज कंपनीकडून घेतलेली, तिला दिलेली वीज आणि त्यांची वजाबाकी दाखवतो. उत्पादन इन्व्हर्टरवरच वाचा.

जोडणीत एक चूक: टाकीची सावली. कोपरा झाकला तरी सेलची अख्खी ओळ बसते. उत्तरायणानंतर अडकलेले पतंग काढा, आणि पॅनल पहाटेच धुवा. तापल्या काचेवर गार पाणी नको.