सिम्फनी: लाइव्ह ध्वनिमुद्रण की स्टुडिओतलं?

सिम्फनीचं, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या पाश्चात्त्य रचनेचं, एकच ध्वनिमुद्रण घ्यायचं तर कुठलं, असं एका मैत्रिणीने विचारलं. स्वच्छतेत स्टुडिओ पुढे. चुकलेला तुकडा पुन्हा वाजवून जोडता येतो. वाद्यवृंद-संचालक क्लायबर यांनी १९७४मध्ये मुद्रित केलेल्या बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत तंतुवाद्यांचे थर सुटे ऐकू येतात. लाइव्हमध्ये खोकलाही येतो.

पण ताण लाइव्हचाच! संचालक बर्नस्टाइन यांनी १९७९मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली संगीतकार मालरची नववी सिम्फनी ऐका. अखेरच्या भागात ऐन शिखरावर ट्रॉम्बोन ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं गप्प राहतात, तरी तिथली ओढ मला निर्दोष मुद्रणांत सापडत नाही. (लाइव्ह म्हणून येणारी बरीच मुद्रणं मात्र अनेक मैफली जोडून केलेली असतात.)

रचना समजून घ्यायची, स्वरलिपी समोर ठेवायची, तर स्टुडिओ. रचना ओळखीची असेल आणि दिवे मालवून सलग ऐकणार असाल, तर लाइव्हच.