हिरवळीवरच्या रानभाज्यांची फेरी
पुण्यातल्या एका छोट्या गटाने सोसायटीच्या हिरवळीवर घेतलेल्या या फेरीला आम्ही आषाढात गेलो आणि आजवर तण म्हणून उपटत आलेल्या आंबुशीच्या पानाखाली इवल्या निळ्या फुलपाखराची अळी पाहून थबकलो. घोळ आणि तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी लहान दुधी (दुधी भोपळा नव्हे, एक रानटी तण) यांतला फरक मार्गदर्शक ताईंनी देठ मोडून दाखवला : दुधीतून पांढरा चीक येतो, घोळीतून निव्वळ पाणी, चीक दिसला की ती पाटीत घ्यायची नाही. शेवटी वाढलेली घोळीची डाळभाजी चवदार होती, मीठ मात्र अंमळ जास्त. तणनाशक फवारलेल्या जागेवरची भाजी खुडू नये, याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. तरी शुल्क वाजवी असल्याने श्रावणात आईला घेऊन पुन्हा जाणार आहे.