पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५×२१ : गवतातल्या निळ्या फुलपाखरांसाठी घेतलेली दुर्बीण

खारघरच्या डोंगरपायथ्याशी जे मोकळे भूखंड अजून शिल्लक आहेत, तिथल्या घोट्याएवढ्या गवतात पेल ग्रास ब्लू हे नखाएवढे निळे फुलपाखरू हमखास असते; परंतु ते जमिनीपासून वीतभर उंचीवरच उडते आणि बसताच पंख मिटून राखाडी होऊन जाते, त्यामुळे तिथे रोज फिरायला येणाऱ्यांच्याही ते नजरेस पडलेले नसते. ही दुर्बीण मी त्याच्यासाठीच घेतली.

माझी जुनी ८×४२ (आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पक्ष्यांसाठी उत्तम आहे, मात्र तिचा फोकस अडीच मीटरच्या आत येत नाही. पॅपिलिओचा फोकस ५० सेंटिमीटरपर्यंत येतो. चाक फिरवताना पुढची दोन्ही भिंगे आतल्या आत एकमेकांकडे सरकतात, म्हणून इतक्या जवळूनही दोन चित्रे न दिसता एकच दिसते.

याचा खरा उपयोग ओळख पटवताना होतो. पेल ग्रास ब्लू आणि लेसर ग्रास ब्लू उडताना सारखीच वाटतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मधल्या कोष्ठात (शिरांनी वेढलेल्या भागात), पहिल्याला एक काळा ठिपका असतो आणि दुसऱ्याला तो नसतो. पूर्वी हा ठिपका मी छायाचित्र मोठे करूनच तपासत असे. सप्टेंबरमध्ये एका सकाळी उकिडवे बसून तो मी जिवंत फुलपाखरावर पाहिला, भोवतीच्या पांढऱ्या कड्यासह. ती मादी होती आणि पोट वाकवून आंबुशीच्या पानाखाली अंडे घालत होती. याच आंबुशीवर तिच्या अळ्या वाढतात. तो क्षण पाहिल्यावर किमतीचा विचार मनात राहिला नाही.

भिंग २१ मिलिमीटरचेच असल्याने दाट ढगांत किंवा तिन्हीसांजेला हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि ती जलरोधक नसल्यामुळे आपल्याकडच्या पावसात प्लास्टिकची पिशवी सोबत हवीच. ८.५ पटीचे मॉडेलही मिळते. पण हाताचा कंप त्यात अधिक जाणवतो, म्हणून मी ६.५ पटीचेच सुचवीन.

ऑक्टोबरमध्ये आमच्या सोसायटीत गवत कापताना आंबुशी मुळासकट खरवडली गेली आणि नंतर कित्येक आठवडे तिथे एकही ग्रास ब्लू दिसले नाही. तेव्हा मी समितीच्या सदस्यांना भूखंडावर नेऊन दुर्बीण एकेकाच्या हाती दिली. आता कुंपणालगतची दोन फुटांची पट्टी न कापता ठेवली जाते.