तलावपाळी आधी की गायमुख?

ठाण्यात सार्वजनिक पैसा आधी कुठे लागावा: तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव ते जांभळी नाका, की गायमुखचा खाडीकिनारा? गायमुखला मोकळा वारा आहे, पाठीशी येऊरचे डोंगर. पण स्टेशनपासून लांब, वाटेत घोडबंदर रोडची कोंडी, आणि कांदळवनामुळे बांधकामात हात आखडताच हवा.

तलावपाळीला माणसं आधीच येतात. कोपिनेश्वराचं दर्शन, गडकरी रंगायतनमधलं नाटक, जांभळी नाक्यावरची भाजी, सगळं स्टेशनपासून चालत. उणीव आहे ती सलग पदपथाची. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या आज्जी रिक्षा आणि हातगाड्यांच्या मधून वाट काढतात, हे बघवत नाही.

म्हणून माझं मत: आधी हा पदपथ. गायमुखला तूर्त सावली, बाकं, स्वच्छतागृह आणि वेळेवर येणारी टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस द्यावी.