तिथी गुणिले पाऊण: सात महिन्यांच्या वापरानंतर

वापरलेली वस्तू म्हणजे तिथीवरून समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळ काढायचं एक गणित. किंमत शून्य, चार्जिंग नाही, लागतं फक्त भिंतीवरचं कॅलेंडर. कोजागरी ते अक्षय्य तृतीया आम्ही चौघांनी कोथरूडहून अलिबागच्या पाच फेऱ्या केल्या. त्यातली पहिली हे गणित ठाऊक नसताना.

कोजागरीला सकाळी साडेसहाला निघालो. खोपोली, पेण, वडखळ करत अकराच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर उभे. समोर कुलाबा किल्ला आणि मध्ये भरलेला समुद्र. पाणी उतरेपर्यंत थांबलो असतो तर संध्याकाळ झाली असती. आमच्यातल्या एकाचं आजोळ नागाव, म्हणजे अलिबागपासून हाकेवर. त्यानं आईला फोन लावला. "अरे, पुनवेला कुणी भर दुपारी कुलाब्याला जातं का? कॅलेंडर तरी बघायचंस," असं म्हणून माऊलीनं गणित सांगितलं: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही बरोबर त्याच वेळी पोचलो होतो.

हे चालतं कसं, ते घरी येऊन समजून घेतलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊण तास त्याच्या जवळचाच आकडा. अचूकतेबद्दल सांगायचं तर आमच्या अनुभवात प्रत्यक्ष भरती गणिताच्या अर्धा-पाऊण तास मागून येते. म्हणून आता मी उत्तरात पाऊण तास आणखी घालतो.

दुसरी फेरी कार्तिक वद्य षष्ठीला. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी सकाळी साडेदहा, आमची पाऊण तासाची भर घालून सव्वाअकरा. दहाला पोचलो, आरामात मिसळ खाल्ली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालत किल्ल्यात. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झालेलं आणि संभाजीराजांच्या काळात पुरं झालेलं हे बांधकाम. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपती पंचायतन आहे आणि भोवती समुद्र असूनही गोड्या पाण्याची पुष्करणी. संकष्टीचा हिशेब इथेच सुचला: चौथीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. दर्शनाला सोयीचं.

आता तक्रार. तिसऱ्या फेरीला मी शहाणपणा करून अष्टमी निवडली. आठची पाऊणपट सहा, ओहोटी दुपारी बाराला, पुण्याहून उशिरा निघणाऱ्यांसाठी आदर्श. ओहोटी वेळेवर आली, पण अर्धवट. पाणी मांडीपर्यंत उरलं. आमच्यातला एक शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि त्याचा फोन गेला. शेवटी घोडागाडीतून आत गेलो. गणितात दोष नाही, ते फक्त वेळ सांगतं, किती पाणी हटेल ते सांगत नाही. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एकमेकांच्या काटकोनात ओढतात, भांगेची भरती-ओहोटी असते आणि पाणी जेमतेम हलतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं, त्यामुळे ओहोटीही सर्वांत खोल. हे त्या माऊलीला माहीत असणार, आम्ही विचारलं नाही.

चौथ्या फेरीला माघ शुद्ध त्रयोदशी. ओहोटी पावणेचारला, भर घालून साडेचार, म्हणून उलटा कार्यक्रम आखला. सकाळ चौल-रेवदंड्यात. माझ्या मते या दिवसाचा खरा ऐवज तोच. रामेश्वराच्या देवळासमोरची पोखरण आणि रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातला चर्चचा उंच मनोरा. हा कोट 1740 साली मराठ्यांकडे आला. आज आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यातून तटाचे अवशेष डोकावतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. मित्रांना ते पटेना, म्हणून शोधून दाखवलं. दुपारी माशाचं ताट आणि साडेतीनला कुलाबा. पाणी झपाट्यानं हटत होतं. परतताना मात्र वडखळला दीड तास अडकलो, घरी पोचायला बारा वाजले.

ॲप असताना हे कशाला, असं कुणी विचारेल. जाण्याच्या दिवशी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच, आणि किनाऱ्यावरचा घोडागाडीवाला "आता परता" म्हणाला तर वाद न घालता परता, पाणी मागून येतं तेव्हा कळतही नाही. गणिताचा उपयोग त्याच्या आधीचा: महिनाभर पुढचा रविवार ठरवताना. चौघांच्या सुट्ट्या जुळवताना फोनवर बोलता बोलताच कळतं की हा नको, पुढचा.

अक्षय्य तृतीयेला पहाटे चारला निघालो, साडेआठला वाळू कोरडी. बूट न काढता कुलाब्याला लागूनच्या छोट्या सर्जेकोटापर्यंत गेलो. घसरणारा मित्र या वेळी सर्वांत पुढे होता, नवा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.