लिफ्ट किटच्या नावाखाली स्पेसर, आणि हवा उतरवून लपवलेले दणके

पिकअप उंच करून देतो असे सांगून एका गॅरेजने माझ्याकडून संपूर्ण लिफ्ट किटचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात गाडीला बसवले ते पुढे दोन कड्या आणि मागे दोन ठोकळे, म्हणजे नुसते स्पेसर. एवढ्यावरच हा प्रकार थांबला असता, तर तो पहिल्याच खड्ड्यात उघडा पडला असता. परंतु गाडी ताब्यात देण्यापूर्वी चारही टायरमधली हवा मुद्दाम इतकी उतरवून ठेवण्यात आली होती, की चाचणीच्या फेरीत गाडी मूळच्यापेक्षाही मऊ वाटावी. सस्पेन्शनमधला कडकपणा टायरच्या मऊपणाखाली झाकण्याची ही युक्ती जुनीच असल्याचे पुढे ज्यांनी गाडी तपासली त्या मेकॅनिकने सांगितले. पिकअप उंच करण्याच्या विचारात असलेल्यांना ती वेळीच ओळखता यावी, म्हणून हा सगळा तपशील लिहीत आहे.

ठरले होते ते असे. गाडी सुमारे अडीच इंच उंच होईल, पुढे लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे नवे शॉकअप बसतील, मागे पाट्यांचा, म्हणजे पट्टीसारख्या स्प्रिंगचा, नवा संच येईल आणि मूळ टायरच्या जागी थोड्या मोठ्या व्यासाचे, जाड बाजूंचे, जड वापराचे टायर चढतील. तोंडी बोलणे इतके सविस्तर झाले होते, पण अंदाजपत्रकावर मात्र ‘संपूर्ण लिफ्ट किट, फिटिंगसह’ अशी एकच ओळ होती आणि पुढची सगळी टोलवाटोलवी त्या एका ओळीच्या आधाराने झाली. बाजारात ‘लिफ्ट किट’ म्हणून स्पेसरही विकले जातात आणि स्प्रिंग, शॉकअप, वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हात) यांचा पूर्ण संचही विकला जातो. दोघांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. म्हणून अंदाजपत्रकात प्रत्येक भागाचे नाव, त्याचा भाग क्रमांक आणि नग लिहून घ्यावेत. जो खरोखरच नवे शॉकअप बसवणार आहे, त्याला त्यांचा क्रमांक लिहून देण्यात अडचण येण्याचे कारण नाही.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा गॅरेजमालक स्वतः शेजारी बसले आणि त्यांनीच रस्ता सुचवला. रस्त्यात गतिरोधक होते, तुटक्या डांबराचा पट्टा होता आणि गाडी त्यावरून खरोखर अलगद जात होती. डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा इशारा देणारे चिन्ह मात्र पेटलेले होते. त्याबद्दल विचारल्यावर, ‘टायर नवे आहेत, गाडीला ओळख पटायला थोडा वेळ लागतो,’ असे उत्तर मिळाले. या उत्तरात अर्धे तथ्य असते, म्हणूनच ते पटते. चाके बदलल्यावर सेन्सर नव्याने जुळवावे लागतात हे खरे आहे, पण ते काम गाडी ताब्यात देण्यापूर्वी करायचे असते. शिवाय अनेक गाड्यांत हा दिवा हवा ठरलेल्या दाबापेक्षा सुमारे पाव हिश्शाने खाली गेली की पेटतो, म्हणजे तो पेटलेला असताना सर्वांत आधी हवाच मोजायला हवी.

परतीच्या वाटेवर वळणांवर गाडीचा मागचा भाग थोडा उशिराने वळतो आहे आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सैल लागते आहे, असे जाणवले. पेट्रोल पंपावर हवा मोजली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) लिहिलेले होते आणि प्रत्यक्षात चारही टायरमध्ये २२ च्या आसपास हवा होती. एखादा टायर हळूहळू उतरला असता तर आकडे वेगवेगळे आले असते. चारही चाकांत सारखीच कमी हवा निघाली, याचा अर्थ ती कुणीतरी मापून सोडली होती. शिवाय टायर चालून तापलेले होते आणि तापलेल्या टायरमध्ये दाब नेहमी काहीसा जास्त दिसतो. म्हणजे थंड टायरचा खरा आकडा याहूनही खाली असणार.

हवा कमी केल्याने गाडी मऊ का लागते, हे समजून घेतले की युक्ती कळते. हवा भरलेला टायर ही स्वतःच एक स्प्रिंग आहे. दाब उतरवला की टायरची बाजू जास्त वाकते आणि बारीक खडी, डांबराच्या कडा, छोटे सांधे यांचे हादरे सस्पेन्शनपर्यंत पोहोचण्याआधीच ती पिऊन टाकते. मात्र तीच वाकणारी बाजू प्रत्येक फेऱ्यात रबर आणि आतले थर तापवते, ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, दोन्ही कडा झिजवते आणि भार व वेग वाढला तर टायर फुटण्यापर्यंत वेळ आणते. माझ्या बाबतीत हा धोका दुहेरी होता. जड वापराच्या टायरला तोच भार पेलण्यासाठी साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरचा ३५ हा मूळ टायरसाठीचा आकडाही नव्या टायरला अपुरा ठरू शकतो. अशा वेळी टायर उत्पादकाचा भार आणि दाब यांचा तक्ता पाहून आकडा ठरवावा लागतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्याचे उत्तर नव्हे. जड वापराच्या काही टायरवर ८० पीएसआय असे लिहिलेले असते, पण तो टायर सर्वाधिक भार कोणत्या दाबावर पेलतो ते तिथे सांगितलेले असते. रिकाम्या पिकअपमध्ये तेवढी हवा भरली तर टायर मधोमध झिजतो आणि गाडी दगडासारखी उडते.

मी हवा योग्य दाबावर आणली आणि गाडीची खरी चाल समोर आली. गतिरोधक ओलांडून पुढचे चाक खाली उतरताना प्रत्येक वेळी ‘टक्’ असा धातूचा आवाज येऊ लागला. मागचा भाग तुटक्या रस्त्यावर आडवा सरकत उड्या मारू लागला. तक्रार घेऊन गेल्यावर गॅरेजचे उत्तर ठरलेले होते: ‘हवा जास्त आहे, कमी करा.’ पुढे वेगात मागचा भाग डुलतो अशी तक्रार केली, तेव्हा त्याच गॅरेजमधल्या दुसऱ्या फिटरने टायरच्या बाजूवरचा आकडा वाचून तेवढी हवा ठासून भरली. एकाच गाडीचे दोन दोष, त्यांवर दोन परस्परविरोधी उपाय, आणि दोन्ही वेळा हात फक्त हवेच्या नळीला लागला. गाडी जॅकवर घेऊन खालून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. संशय पक्का झाला तो इथे.

मग गाडी दुसऱ्या, कुणाशीही संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. पुढच्या स्प्रिंगवर मूळ कारखान्याची रंगखूण जशीच्या तशी होती आणि खालच्या वेटोळ्यात जुना गंज धरलेला होता. स्प्रिंग आणि तिची वरची बैठक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक जाड कडी घातलेली होती. शॉकअप नवे म्हणून दाखवले होते, पण त्यांच्यावर काळ्या रंगाचा ताजा फवारा होता आणि तो फवारा रबरी आवरणावर, जुन्या कागदी लेबलवर, इतकेच नव्हे तर शेजारच्या ब्रेकच्या नळीवरही उडालेला होता. मेकॅनिकने अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला, तशी लेबलवरची मूळ अक्षरे दिसू लागली. मागे पाटे जुनेच होते. त्यांच्या आणि ॲक्सलच्या (मागच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) मध्ये ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवून लांब यू-बोल्टने आवळलेले होते.

इथे स्पेसरची बाजूही सांगितली पाहिजे. कडी किंवा ठोकळा ही वस्तू मुळात खोटी नाही. मर्यादित उंचीसाठी, बाकीची कामे नीट करून, स्पेसर बसवलेल्या असंख्य गाड्या व्यवस्थित चालतात. अनेकांना वाटते की कडीमुळे स्प्रिंग दाबली जाते आणि म्हणून गाडी कडक होते; तसे नसते. गाडीचे वजन तेच असल्यामुळे उभ्या गाडीत स्प्रिंग पूर्वीइतकीच दबते आणि तिचा कडकपणाही बदलत नाही. बदलते ते शॉकअपच्या दांड्याचे स्थान. उभ्या गाडीतच दांडा कडीच्या जाडीइतका जास्त बाहेर आलेला असतो, त्यामुळे चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक सुटले की दांडा शेवटच्या टोकाला जाऊन आपटतो. तो ‘टक्’ आवाज याचाच होता. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक चाक वेगळे हलते तिथे, शॉकअप खालच्या आर्मवर मध्येच कुठेतरी टेकलेला असल्यामुळे कडीच्या जाडीच्या साधारण दुप्पट उंची चाकाशी मिळते. कडी बारीक दिसली म्हणून तिचा परिणाम बारीक नसतो. मागेही तेच झाले होते. ठोकळ्यांनी अंतर वाढवले, पण शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले, म्हणून ते उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण ताणलेले होते.

आणखी एक गोष्ट अशी, की जी उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. खालच्या कंट्रोल आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळलेले होते. या बुशमधले रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेले असते आणि आर्म हलला की ते पिळले जाते. बोल्ट लोंबत्या स्थितीत आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते, गाडी आणखी कडक लागते आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट चाकांवर वजन आल्यानंतरच शेवटचे आवळायचे असतात. या कामाला वेगळे सामान लागत नाही, फक्त थोडा वेळ आणि काळजी लागते, आणि नेमके तेच वाचवले गेले होते.

चालीच्या त्रासापेक्षा मला जास्त हादरवणारी गोष्ट ब्रेकची निघाली. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि चासी यांच्यातले अंतर एका दांडीने ओळखून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो: माल भरला की अंतर कमी होते आणि ब्रेकचा जोर वाढतो. गाडी उंच केली आणि दांडीची जागा बदलली नाही, तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. माल भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक मग जेवढे लागायला हवेत तेवढे लागत नाहीत. माझ्या गाडीत ती दांडी ताणून तिरकी झालेली होती आणि तिला एक साधा ब्रॅकेटही दिलेला नव्हता. ज्यांची पिकअप उंच केलेली आहे आणि जी माल वाहते, त्यांनी बाकी काही पाहिले नाही तरी एवढे पाहून घ्यावे. अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) झालेली नव्हती, हे पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवताच कळत होते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील इतके वर वळले होते.

हे सगळे फोटोंसह गॅरेजसमोर ठेवले, तेव्हा प्रथम ‘स्पेसर हेसुद्धा किटच असते’ असे ऐकवण्यात आले. मग ‘चाचणीत तर तुम्हीच गाडी मऊ आहे म्हणालात’ हे चोराच्या उलट्या बोंबांसारखे उत्तर आले. काढलेल्या जुन्या स्प्रिंग आणि शॉकअप कुठे आहेत, असे विचारल्यावर ‘भंगारात गेले’ असे सांगण्यात आले. जे भाग अजून गाडीलाच लागलेले होते, ते भंगारात कसे गेले, याला उत्तर नव्हते. पंपावर काढलेल्या हवेच्या आकड्यांचे फोटो, दुसऱ्या मेकॅनिकचा सहीनिशी अहवाल आणि रंग खरवडलेल्या लेबलचा फोटो लेखी तक्रारीला जोडल्यावर सस्पेन्शनच्या सामानातला फरक परत मिळाला. मजुरी मिळाली नाही आणि हवा उतरवल्याची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही.

दुरुस्ती दुसऱ्या मेकॅनिकने केली. पुढे लांब स्प्रिंग आणि त्या लांबीसाठीच बनवलेले शॉकअप बसले, मागचे ठोकळे निघून पाट्यांचा नवा संच आला, यू-बोल्ट नवे टाकले आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून घेतले. व्हॉल्व्हची दांडी जागेवर आली, अलाइनमेंट झाली, दिवे खाली उतरले. हवा तक्त्यावरून ठरवली आणि मग ट्रेडवर खडूची आडवी रेघ ओढून गाडी थोडी पुढे नेऊन पाहिली: रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजतो, कारण तापमानात पाच-सहा अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी दाब साधारण एका पीएसआयने हलतो. तरीही गाडी रिकामी असताना मागून किंचित उडते. भार पेलण्यासाठी बनवलेले पाटे भाराशिवाय कडकच राहणार, आणि उंच केलेली, जड टायरची पिकअप मूळ गाडीपेक्षा मऊ चालेल असे जो ठामपणे सांगतो त्याच्या हवेचे माप आधी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चाचणीला बसण्यापूर्वी आपल्या खिशातल्या मापकाने चारही टायर तपासण्यास कुणी नकार दिला, तर त्या चाचणीला बसूच नये.

पुढच्या दोन टायरची आतली कड मात्र अलाइनमेंटविना चालल्यामुळे इतकी झिजली आहे, की ते बाकीच्या दोघांच्या बरेच आधी बदलावे लागतील. तो खर्च गॅरेजने अद्याप मान्य केलेला नाही आणि त्यासाठीचा लेखी तगादा चालू आहे.