औषध लागू पडले का? सांधेदुखीच्या कुत्र्यासाठी प्रश्नावली आणि फोर्स प्लेट

ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांच्या झिजेचा आजार) झालेल्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक औषध सुरू केल्यावर गुण आला की नाही, हे एक्स-रेवरून ठरवता येत नाही. सांध्याची झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ बसेलच असे नसते. म्हणून निवड मुख्यतः फोर्स प्लेट (पायांचा भार मोजणारी जमिनीतील पट्टी) आणि मालकाने भरायची प्रश्नावली यांतच करावी लागते.

फोर्स प्लेटवरून कुत्र्याला चालवत नेले की प्रत्येक पाय जमिनीवर किती भार देतो हे मोजले जाते, आणि दुखऱ्या पायावरचा भार उपचारानंतर वाढला तर त्या आकड्यात कोणाच्या आशेची भेसळ नसते. मात्र चालण्याचा वेग बदलला की आकडेही बदलतात, दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच दुखत असल्यास डाव्या-उजव्याची तुलना फसते आणि जिना चढताना काय होते ते कळतच नाही. शिवाय ही सोय मोजक्याच संस्थांत असते.

प्रश्नावलीचे बलस्थान नेमके तिथेच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या ‘केनाइन ब्रीफ पेन इन्व्हेंटरी’त ११ प्रश्न असून, चार प्रश्न गेल्या सात दिवसांतील आणि सध्याच्या वेदनेच्या तीव्रतेचे, सहा प्रश्न उठणे, चालणे, पळणे, जिना चढणे अशा व्यवहारांत ती किती आड येते याचे आणि शेवटचा एकंदर जीवनमानाचा आहे. पहिल्या दोन गटांना ० ते १० असे गुण द्यायचे असतात. तीव्रतेची सरासरी किमान १ ने आणि अडथळ्याची किमान २ ने उतरली तर उपचार यशस्वी, असा निकष औषधांच्या चाचण्यांत वापरला गेला आहे.

प्रश्नावलीचा दोष एकच, पण मोठा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ५८ कुत्र्यांच्या एका अभ्यासात नुसते प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) दिलेले असतानाही मालकांनी सुमारे ४० टक्के वेळा सुधारणा नोंदवली, आणि लंगडणे तपासणारे पशुवैद्यही त्यात मागे नव्हते. तेव्हा ‘डॉक्टरांनाही फरक वाटला’ हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही.

पट्ट्याला लावायचे हालचालमापक यंत्र पूरक म्हणून ठीक आहे, एवढेच.

एकाच पायाचे दुखणे असेल आणि महागडा उपचार चालू ठेवायचा की नाही हे ठरवायचे असेल, तर फोर्स प्लेटसाठी प्रवास करावा. एरवी प्रश्नावली पुरते, मात्र पहिल्या मात्रेपूर्वीची नोंद हवी आणि दर वेळी ती घरातील एकाच व्यक्तीने भरावी. सोबत दर वेळी त्याच फरशीवर, झोपेतून उठतानाचे मोबाइल चित्रण ठेवून, तारखा न सांगता आणि क्रम बदलून ते पशुवैद्यांना दाखवावे.